काडतुसाला चरबी कशासाठी?

शाळेत प्रश्न विचारायचे बाईंनी आणि उत्तरं द्यायची मुलांनी, असा सगळीकडचा रिवाज. पण आमच्या चौथीच्या वर्गात एकदा हा रिवाज उलटा झाला. त्याचीच ही हकिगत.

पंधरा ऑगस्ट जवळ आला होता. एका मुलाने मंगल पांडे यांच्यावरचं भाषण पाठ केलं होतं आणि ते तो वर्गात म्हणून दाखवत होता. "शिपायांना नवी काडतुसं देण्यात आली. त्यांना गाईची आणि डुकराची चरबी लावली आहे अशी बातमी पसरली. ती काडतुसं दातांनी तोडावी लागत..." आवाज खणखणीत, हातवारे झकास! मी शाबासकी देणार, एवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, पण काडतुसाला चरबी लावायचीच कशाला? ती काय पोळी आहे?"

सगळा वर्ग हसला. मीही हसले. आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं, की मला उत्तर येत नाही! शाळेत असताना, डी.एड.ला असताना, १८५७ चा धडा मी कितीदा वाचला असेन. चरबी गाईची की डुकराची यावर किती चर्चा! पण बंदुकीच्या गोळीला मुळात चरबी हवी कशाला, हे मी कधी कुणाला विचारलंच नव्हतं. "उद्या सांगते हं," असं म्हणून मी वेळ मारून नेली. (तुमच्या बाई "उद्या सांगते" म्हणाल्या, की काय समजायचं ते आता तुम्हांला कळलं!)

त्या रात्री भात करपला. तळाला काळी खरपुडी धरली. ते पातेलं घासता घासता मला एकदम आठवण झाली ती आमच्या वाडीतल्या आजोबांच्या बंदुकीची. माझ्या प्रश्नाचं उत्तर मी दहा वर्षांची असतानाच पाहिलं होतं की!

आमचं गाव कोकणातलं. भाताला कणसं धरली, की रात्री रानडुकरं शेतात उतरायची. वाडीतल्या एका आजोबांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. ठासणीची म्हणजे काय? तर हल्लीच्या बंदुकीसारखी मागून उघडणारी नव्हे. तिच्या लांब लोखंडी नळीच्या तोंडातूनच आधी दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा घालायचा, आणि लांब गजाने तो ठासून ठासून बुडापर्यंत बसवायचा. मागच्या बाजूला बारीक भोक असतं, त्यावर तांब्याची छोटी टोपी बसवतात. चाप ओढला की घोडा त्या टोपीवर आपटतो, ठिणगी आत जाते आणि धाडकन बार होतो. आजोबा गोळी घालत नसत. नुसता आवाजाचा बार. रानडुकरांना तेवढा पुरे, आणि आम्हां पोरांना तर त्याहून पुरे!

पण खरी गंमत दुसऱ्या दिवशी सकाळी असायची. आजोबा बंदूक अंगणात आणायचे. चुलीवर कडकडीत पाणी तापलेलं असायचं. मागच्या भोकाला लाकडाची बारीक खुंटी मारून ते नळीत पाणी ओतायचे. "गो चेडवा, लांब रव!" असं मला दरडावायचे. थोडा वेळ पाणी तसंच ठेवून मग ओतून टाकायचे. पहिलं पाणी यायचं ते शाईसारखं काळं. आणि वास? सडक्या अंड्याचा! आजी घरातून ओरडायच्या. दुसरं पाणी राखाडी, तिसरं जरा बरं. मग गजाच्या टोकाला चिंधी गुंडाळून वर-खाली, वर-खाली. चिंधी पांढरी बाहेर येईपर्यंत हे चालायचं. शेवटी खोबरेल तेलाचा हात.

"आजोबा, एवढं कशाला धुता?" मी एकदा विचारलं. त्यांनी उजवा हात पुढे केला. त्या हाताला अंगठ्याचं वरचं पेर नव्हतं. ते तरुण असतानाची गोष्ट. एका रात्री त्यांनी चार-पाच बार लागोपाठ काढले. नळीच्या बुडाशी काळ्या किटाची खपली धरली होती, आणि तिच्याखाली एक ठिणगी धुमसत राहिली होती. ती बाहेरून कशी दिसणार? त्यांनी दारूच्या शिंगातून सरळ नळीत दारू ओतली. ती ठिणगीवर पडली. नळीतल्या दारूने पेट घेतला आणि हातातलं शिंगही उडालं. "अंगठ्यावर भागलं, डोळे वाचले," असं ते म्हणायचे. तेव्हापासून दोन बारांच्या मध्ये ओलसर चिंधी फिरवायची, मग कोरडी फिरवायची, आणि दारू शिंगातून थेट न ओतता आधी छोट्या मापात काढून घ्यायची, हा त्यांचा नेम.

आता हे कीट येतं कुठून ते पाहू.

जुन्या काळची काळी दारू तीन पदार्थांची असे. सोरा, कोळसा आणि गंधक. (ही माहिती वाचण्यासाठी आहे, करून बघण्यासाठी नाही. माझा नाही तर आजोबांचा अंगठा आठवा.) आपल्याला वाटतं, दारू जळली म्हणजे तिचा सगळा धूर झाला आणि संपली. तसं होत नाही. १०० ग्रॅम काळी दारू जळली, तर तिच्यातला जेमतेम ४४ ग्रॅम भाग वायू होतो. गोळीला ढकलतो तो हाच वायू. उरलेला निम्म्याहून जास्त भाग घनच राहतो. त्यातला काही पांढऱ्या धुरातून बारीक कणांच्या रूपाने बाहेर जातो आणि बाकीचा नळीच्या आतल्या अंगाला चिकटतो. दिवाळीत भुईनळा विझल्यावर त्याच्या तोंडाशी राखेचा खडा साठलेला तुम्ही पाहिला असेल. तोच हा प्रकार.

हे कीट म्हणजे नुसती चुलीची काजळी असती, तर एवढा त्रास झाला नसता. पण त्यात पोटॅशियमचे क्षार असतात. पावसाळ्यात डब्यातलं मीठ कसं पाझरतं? हे क्षारही तसेच हवेतलं पाणी ओढून घेतात. ओल आली, की खालचं लोखंड गंजायला एक-दोन दिवसही पुरतात. आणि क्षारातल्या गंधकाला पाणी लागलं, की तो सडक्या अंड्याचा वास! हवा दमट असेल तर कीट चिखलासारखं मऊ राहतं. हवा कोरडी आणि गरम असेल, तर तेच वाळून, भाजून कौलाच्या खापरीसारखं टणक होतं. हा शेवटचा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

क्षार पाण्यात विरघळतात, तेलात विरघळत नाहीत. खात्री करायची असेल, तर साखरेचा पाक वाळून कडक झालेल्या दोन वाट्या घ्या. एक तेलाने पुसा, एकीत गरम पाणी ओता. कुठली आधी स्वच्छ होते ते बघा. (आईला विचारून, आणि दोन्ही वाट्या तुम्हीच घासायच्या!) आजोबांच्या मुलाला हे ठाऊक नव्हतं. आजोबा एका वर्षी आजारी पडले, तेव्हा त्याने बार काढले आणि बंदूक रॉकेलने पुसून माळ्यावर ठेवून दिली. त्याला वाटलं, लोखंडाला पाणी कशाला लावा! वरून बंदूक चकचकीत दिसत होती. दोन महिन्यांनी आजोबांनी गज आत घातला, तो अर्ध्यावर अडला. आतून तांबेऱ्याचा भुगा पडला. आजोबा काही बोलले नाहीत. बंदूक मांडीवर घेऊन पडवीत बसून राहिले, ते चित्र अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

ठासणीच्या बंदुकींच्या नेमबाजीच्या जागतिक स्पर्धा आजही होतात. त्यातले नेमबाजही हट्टी किटासाठी काही वेगळी जादू करत नाहीत. मागचं भोक बंद करून नळीत गरम साबणाचं पाणी भरतात आणि किटाला भिजू देतात. आपण करपलेलं पातेलं रात्रभर भिजत घालतो, तसं. मग पितळी किंवा काशाच्या तारांचा ब्रश. पोलादी पात्याने खरवडायचं नाही, नळीला ओरखडे पडले की पुढच्या वेळी कीट तिथेच घट्ट धरतं. मग नळी खडखडीत कोरडी करायची. गरम पाण्याने नळी तापते, म्हणून ती लवकर वाळते. तेल सगळ्यांत शेवटी.

पण रणांगणावर गरम पाणी कुठलं? नेपोलियनच्या काळातले सैनिक पाणी मिळालं नाही, की नळीत काय ओतत माहीत आहे? हसू नका. लघवी! तिनेही कीट सुटतं. वर्गात हे सांगितल्यावर पुढची पाच मिनिटं मला काहीच शिकवता आलं नाही.

आता वळूया त्या काडतुसाकडे.

अठराव्या शतकातल्या इंग्रज शिपायाची बंदूक आतून गुळगुळीत असे. नळीची रुंदी पाऊण इंच, म्हणजे सुमारे १९ मिलिमीटर. तिच्यातली शिशाची गोळी मात्र साडेसतरा मिलिमीटरच्या आसपास. ही फट मुद्दाम ठेवलेली. नळीला कितीही कीट धरलं तरी गोळी सुळकन आत जावी! पण त्यामुळे गोळी बाहेर पडताना नळीत इकडेतिकडे आपटत येई. मग तिचा नेम कसला लागणार? शंभर पावलांच्या पुढे सगळं देवावर हवाला.

नेम लागावा म्हणून कारागिरांनी नळीच्या आत पेच पाडले. पेच म्हणजे गोल जिन्यासारख्या वळत जाणाऱ्या खाचा. त्यातून गोळी भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते आणि सरळ जाते. हीच रायफल. मात्र गोळी फिरवायची तर ती खाचांना घट्ट धरून हवी. घट्ट गोळी आणि तीही तोंडाकडून ठासायची! पहिले काही बार ठीक. पुढे खाचांत कीट भरलं, की गोळी मध्येच अडून बसायची. इंग्रजांनी १८०० साली बेकर नावाची रायफल आपल्या खास नेमबाज पलटणीला दिली. सुरुवातीला तिच्याबरोबर लाकडी हातोड्याही दिल्या होत्या! समोरून शत्रू येतोय आणि शिपाई हातोडीने गोळी ठोकतोय, अशी कल्पना करा. आणि गोळी नुसती अडली तरी धोका असतोच. दारू आणि गोळी यांच्यात मोकळी जागा राहिली आणि तसाच बार काढला, तर नळीच फुटू शकते.

मग एक युक्ती निघाली. गोळी नळीपेक्षा बारीकच ठेवायची, म्हणजे ती किटातूनही सहज खाली जाईल. पण तिचं बूड आतून पोकळ करायचं. दारू पेटली, की वायूच्या दाबाने ते बूड फुगेल आणि खाचांत घट्ट बसेल. जाताना सैल, येताना घट्ट! फ्रान्सच्या क्लोद मिनिए यांची अशी गोळी १८४९ मध्ये गाजली. पण त्याच्या खूप आधी जॉन नॉर्टन या इंग्रज कप्तानालाही अशीच कल्पना सुचली होती. ती सुचली दक्षिण भारतात, म्हणजे आपल्याच देशात. तिथल्या फुंकनळीच्या बाणांना मागे मऊ भेंडासारखा गाभा लावलेला असे. फुंकर मारली, की तो फुगून नळी बंद करी. ते पाहून नॉर्टनला गोळीचं बूड फुगवायचं सुचलं, असं सांगतात.

याच जातीची रायफल म्हणजे १८५३ ची एन्फिल्ड. तिच्या नळीचा व्यास १४.६६ मिलिमीटर आणि सुरुवातीच्या गोळीचा १४.४३. मधली फट पाव मिलिमीटरपेक्षाही कमी. त्यात पुन्हा गोळीभोवती काडतुसाचा कागद! म्हणजे किटाला जागाच नाही. म्हणून काडतुसाच्या गोळीकडच्या टोकाला चरबी आणि मेण यांचं मिश्रण लावत. शिपाई काडतुसाचं दुसरं टोक दातांनी फाडी, दारू नळीत ओती, काडतूस उलटं करून चरबीचं टोक नळीत बसवी, उरलेला कागद फाडून टाकी आणि गजाने गोळी ठासे. गोळी खाली जाताना चरबी नळीच्या अंगाला लागत जाई. आधीच्या बाराचं टणक कीट तिने मऊ पडे आणि पुढच्या गोळीला वाट मिळे.

सापडलं का उत्तर? चरबी गोळीसाठी नव्हती, दारूसाठीही नव्हती. ती होती नळीतल्या किटासाठी!

आणि आता तो ध्यानात ठेवलेला मुद्दा. कोरड्या, गरम हवेत कीट टणक होतं. उत्तर हिंदुस्थानातला उन्हाळा कसा असतो? इंग्लंडच्या थंड, ओल्या हवेत ठीक चालणारी गोळी इथे अडू लागली. शेवटी काही वर्षांतच इंग्रजांना तिचा व्यास १३.९७ मिलिमीटरपर्यंत कमी करावा लागला.

नळीतलं कीट शास्त्राला कळत होतं. माणसांच्या मनातलं मात्र कुणी विचारलं नाही. मिश्रणातली चरबी कुठल्या प्राण्याची असावी, हे पुरवठादाराला नीट बजावलेलंच नव्हतं. खरं तर १८५३ मध्येच ही काडतुसं हवामानाच्या चाचणीसाठी हिंदुस्थानात आणली होती. तेव्हा कर्नल टकर या इंग्रज अधिकाऱ्यानेच लेखी इशारा दिला होता, की शिपायांच्या धर्माला बाध येणार नाही अशाच वस्तू वापरा. तो कागद कुठल्या तरी फायलीत पडून राहिला. (मोठ्या माणसांचाही गृहपाठ राहतो तो असा.)

जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडमला एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाला चरबीवरून टोमणा मारला आणि बातमी वणव्यासारखी पसरली. त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारने सांगितलं, की काडतुसं कोरडी देऊ, तुम्हांला चालेल ते मेण-तेल तुम्हीच लावा. बघा, तूपसुद्धा चाललं असतं! किटाला काय, कुठलाही स्निग्ध पदार्थ चालतो. पण विश्वास उडाला होता. आता शिपायांना कागदाच्या चकाकीचाच संशय येऊ लागला. पुढे दातांऐवजी हाताने काडतूस फाडायची मुभा दिली, तीही कामी आली नाही. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे यांनी शस्त्र उचललं. ८ एप्रिलला त्यांना फाशी दिलं. २४ एप्रिलला मेरठच्या ८५ घोडेस्वारांनी काडतुसं घ्यायला नकार दिला. गंमत म्हणजे ती काडतुसं जुन्याच पद्धतीची होती! त्यांना सक्तमजुरी झाली, बेड्या पडल्या, आणि १० मे रोजी मेरठ पेटलं.

या उठावाची कारणं अनेक होती. १८५६ मध्ये खालसा केलेलं अवधचं राज्य, शिपायांचे पगार-भत्ते, संस्थानिकांवरचा अन्याय, हे सगळं तुम्ही पुस्तकात वाचालच. मी काही म्हणत नाही, की किटामुळे उठाव झाला. दारू आधीच ठासलेली होती. ठिणगी कुठून आली, एवढंच मी सांगतेय.

उठावानंतर इंग्रजांनी काय केलं? हिंदी शिपायांच्या पलटणींना मुद्दाम आतून गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या. नेम कमी लागावा म्हणून! पुढे मागून भरायच्या बंदुका आल्या. मग १८८४ मध्ये पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने जवळजवळ बिनधुराची दारू बनवली आणि किटाची ही कटकट पुष्कळच कमी झाली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रांचं दालन आहे. कधी गेलात, तर अशी बंदूक दिसल्यावर नक्षीकाम बघून लगेच पुढे जाऊ नका. तिच्या तोंडाकडेही बघा. सगळी करामत आणि सगळा त्रास तिथूनच आत जात असे.

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं फळ्यावर चित्रं काढून सांगितलं. पंधरा ऑगस्टला त्या मुलाने भाषणात एक वाक्य स्वतःच घातलं, "आणि मित्रहो, ती चरबी नळीतलं कीट मऊ करण्यासाठी होती!" पालकांच्या रांगेत एक निवृत्त सुभेदार बसले होते. कार्यक्रम संपल्यावर ते त्या मुलाजवळ आले. म्हणाले, "शाबास! आम्हीसुद्धा फायरिंगहून आल्यावर रायफल साफ केल्याशिवाय कधी जेवलो नाही."

मागच्या बाकावरची ती मुलगी तिथेच उभी होती. तिने लगेच विचारलं, "आजोबा, तुम्ही काय लावायचात? चरबी?"

"नाय गो," सुभेदार हसले, "तेल!"

"कशाचं?" तिचा पुढचा प्रश्न तयारच होता. सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "उद्या सांगते हं."